१९४५ पीजीए टूर हंगाम

१९४५ पीजीए टूर हंगाम म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक पुरुष गोल्फपटूंच्या स्पर्धांचा जानेवारी ते डिसेंबर १९४५ या काळातील हंगाम होय. टेक्सास राज्याच्या बायरन नेल्सनने या हंगामात एकूण १८ स्पर्धा जिंकल्या आणि त्यांपैकी ११ लागोपाठ जिंकल्या. हे दोन्ही आकडे आजवर कोणालाही गाठता आलेले नाहीत. एका वर्षातील विजयांच्या बाबतीत नेल्सनच्या सर्वांत जवळ पोहोचला तो बेन होगन. त्याने १९४६ मध्ये १३ स्पर्धा जिंकल्या. सलग विजयांत नेल्सननंतर क्रमांक लागतो तो टायगर वुड्सच्या २००६–०७ मधील ७ विजयांचा.

मात्र हा हंगाम दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात खेळला गेला. अनेक नामवंत खेळाडू सैन्यात होते, बहुतेक मोठ्या स्पर्धा बंद होत्या आणि पारितोषिके रोख रकमेऐवजी युद्धरोख्यांच्या रूपाने दिली जात होती. त्यामुळे नेल्सनच्या विक्रमाचे मोल नेमके किती, हा प्रश्न गोल्फच्या इतिहासात वारंवार विचारला गेला आहे.

‘पीजीए टूर’ हे नाव येथे सोयीसाठी वापरले आहे. १९४५ मध्ये या स्पर्धा ‘प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संघटनेच्या अखत्यारीत होत असत. स्पर्धात्मक गोल्फ खेळणारे खेळाडू या संघटनेतून १९६८ मध्ये वेगळे झाले. आजच्या पीजीए टूरचा आरंभ तेथून होतो.

खेळाची रीत

गोल्फच्या मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक अपेक्षित संख्या ठरलेली असते. तिला ‘पार’ म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’ आणि दोन कमी लागले तर ‘ईगल’. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की येथे आकडा जितका लहान तितका खेळ चांगला.

बहुतेक स्पर्धा १८ होलांच्या चार फेऱ्यांच्या, म्हणजे ७२ होलांच्या असतात आणि चारही फेऱ्यांत मिळून ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजेता. बरोबरी झाल्यास निकालासाठी जादा खेळ होतो; त्यास ‘प्लेऑफ’ म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे दोन खेळाडूंमधील थेट सामना. त्यात एकेक होल जिंकला किंवा हरला जातो आणि एकूण फटक्यांना महत्त्व नसते. अशा सामन्याचा निकाल ‘४ व ३’ असा सांगतात. म्हणजे तीन होल शिल्लक असतानाच विजेत्याची आघाडी चार होलांची झाली.

सलग विजय गोल्फमध्ये इतके दुर्मीळ का, याचे कारण या रचनेतच आहे. टेनिसपटूला एका वेळी एकाच प्रतिस्पर्ध्याला हरवायचे असते आणि आपल्या फटक्याने त्याला अडचणीत टाकताही येते. गोल्फपटूला मात्र मैदानावर उतरलेल्या सर्वांना एकाच वेळी मागे टाकावे लागते आणि त्यांतील कोणाच्याही खेळावर त्याचा काडीमात्र ताबा नसतो. दूर कोठेतरी एखाद्याला त्या आठवड्यात सूर गवसला की संपले. म्हणूनच उत्तम खेळाडूही वर्षातून दोन-तीन विजयांत समाधान मानतो.

युद्धकाळातील गोल्फ

युद्धाचा सर्वांत आधी फटका बसला तो चेंडूला. आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्याने अमेरिकेत रबराची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि १९४२ मध्ये गोल्फच्या चेंडूंचे उत्पादन थांबवण्यात आले. पुढील काही वर्षे जुन्या चेंडूंवर नवे आवरण चढवून काम भागवावे लागले. मनुष्यबळाच्या अभावी मैदानांची निगाही नीट राखली जात नसे. मास्टर्स स्पर्धा १९४३ ते १९४५ या तीन वर्षांत झाली नाही. ती जेथे होते त्या ऑगस्टा येथील मैदानावर या काळात गुरे चरत होती. यू.एस. ओपन आणि ब्रिटनमधील ओपन या स्पर्धाही बंद होत्या. अशा रीतीने चार प्रमुख स्पर्धांपैकी १९४५ मध्ये एकच झाली, ती म्हणजे पीजीए अजिंक्यपद स्पर्धा.

तरीही इतर व्यावसायिक स्पर्धा चालू राहिल्या. लोकांचे मनोधैर्य टिकवणे आणि युद्धासाठी निधी उभारणे हे त्यांमागील घोषित हेतू होते. ‘व्हिक्टरी’ हा शब्द अनेक स्पर्धांच्या नावात आला तो यामुळेच. पारितोषिकाचे युद्धरोखे दर्शनी किमतीच्या तीन चतुर्थांश किमतीला विकले जात आणि पूर्ण रक्कम मिळण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागे. पाच हजार डॉलरचे बक्षीस म्हणजे त्या दिवशीचे पावणेचार हजार डॉलर, असा हा हिशेब होता.

बायरन नेल्सन

नेल्सनचा जन्म ४ फेब्रुवारी १९१२ रोजी टेक्सासमधील वॅक्साहॅची गावाजवळ झाला. फोर्ट वर्थ शहरातील ग्लेन गार्डन क्लबवर तो लहानपणी कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या दांड्यांची पिशवी वाहून नेण्याचे काम करीत असे. त्याच क्लबवर त्याच वर्षांत जन्मलेला आणखी एक मुलगा हेच काम करीत होता. त्याचे नाव बेन होगन. १९२७ मध्ये कॅडींसाठी झालेल्या स्पर्धेत दोघांची बरोबरी झाली आणि जादा खेळात नेल्सन एका फटक्याने जिंकला.

१९४५ पूर्वी नेल्सनने चार प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या : १९३७ आणि १९४२ ची मास्टर्स, १९३९ ची यू.एस. ओपन आणि १९४० ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा. तेव्हा युद्धाने प्रतिस्पर्धी दूर नेल्यावर हा खेळाडू अचानक उदयास आला, ही समजूत चुकीची आहे. त्याचे रक्त गोठण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागे. या दोषामुळे सैन्याने त्याला नाकारले होते. १९४४ मध्ये त्याने आठ स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षाची त्याची सरासरी प्रतिफेरी ६९.६७ फटके होती.

याच काळात त्याने एक सवय ठेवली होती, जी शिक्षकाच्या डोळ्यांना विशेष भावावी. प्रत्येक फेरीनंतर तो आपला खेळ एका वहीत टिपून ठेवी. १९४४ च्या अखेरीस वही चाळताना त्याला दोनच दोष पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळले. एक, हिरवळीच्या कडेवरून मारायचे आखूड फटके नीट साधत नव्हते. दुसरा, घाईने वा बेफिकिरीने मारलेले फटके. नव्या वर्षासाठी त्याने एवढ्याच दोन गोष्टी सुधारण्याचे ठरवले. १९४० पासून तो ओहायो राज्यातील टोलीडो येथे इन्व्हर्नेस क्लबचा व्यावसायिक प्रशिक्षक होता. ती नोकरीही त्याने सोडली.

या साऱ्यामागचे उद्दिष्ट कीर्ती हे नव्हते. नेल्सनला टेक्सासमध्ये गुरांच्या पैदाशीसाठी जमीन घ्यायची होती आणि ती कर्जाविना घ्यायची होती. प्रत्येक स्पर्धेच्या बक्षिसात आपण किती एकर जमीन घेऊ शकतो याचा हिशेब तो मनात मांडीत असे, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

हंगामाचा आरंभ

हंगामाची सुरुवात जानेवारीत लॉस एंजेलिस ओपनने झाली आणि ती जिंकली सॅम स्नीडने. स्नीड नौदलातील सेवेतून १९४४ मध्येच मोकळा झाला होता. याच स्पर्धेत बेब डिड्रिकसन झहारियास ही महिला खेळाडू पुरुषांच्या बरोबरीने उतरली. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची सुवर्णपदके मिळवलेल्या या खेळाडूने पुढे फीनिक्स आणि टूसॉन येथे चारही फेऱ्या पूर्ण केल्या.

फीनिक्स, कॉर्पस क्रिस्टी आणि न्यू ऑर्लिन्स येथील स्पर्धा नेल्सनने जिंकल्या. न्यू ऑर्लिन्सला त्याने प्लेऑफमध्ये हॅरॉल्ड मॅक्स्पाडेनला हरवले. त्यानंतर मात्र स्नीडचा जोर दिसला. गल्फपोर्ट, पेन्सकोला आणि जॅक्सनव्हिल या लागोपाठच्या तीनही स्पर्धा त्याने जिंकल्या. त्यांतील गल्फपोर्टला तर प्लेऑफमध्ये नेल्सनलाच नमवले. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोणी विचारले असते, तर हा हंगाम स्नीडचा ठरणार असेच उत्तर मिळाले असते.

सलग अकरा विजय

८ ते ११ मार्च या काळात मायामी येथे जोड्यांची स्पर्धा झाली. नेल्सन आणि मॅक्स्पाडेन या जोडीने ती जिंकली. हा अकरांपैकी पहिला विजय. पुढच्या आठवड्यात शार्लट येथे नेल्सन आणि स्नीड यांची बरोबरी झाली. १८ होलांच्या प्लेऑफमध्येही बरोबरीच झाली आणि दुसऱ्या प्लेऑफमध्ये नेल्सन चार फटक्यांनी जिंकला. संपूर्ण मालिकेत ती खंडित होण्याचा इतका जवळचा प्रसंग बहुधा हाच.

त्यानंतर ग्रीन्सबोरोला आठ, डरहॅमला पाच आणि अटलांटाला नऊ फटक्यांच्या फरकाने विजय मिळाले. अटलांटाला चार फेऱ्यांत मिळून त्याचे फटके होते २६३. नंतर स्पर्धांना जवळजवळ दोन महिन्यांचा खंड पडला. या खंडात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि युरोपातील युद्धही संपले. जूनमध्ये माँट्रियल येथे खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा नेल्सन दहा फटक्यांनी जिंकला. फिलाडेल्फियाला मॅक्स्पाडेनने त्याला झुंजवले, परंतु नेल्सनने अखेरची फेरी ६३ फटक्यांत संपवली आणि दोन फटक्यांनी सरशी साधली. शिकागोतील व्हिक्टरी नॅशनल ओपन त्याने सात फटक्यांनी जिंकली.

जुलैमध्ये ओहायोतील डेटन शहराजवळच्या मोरेन क्लबवर पीजीए अजिंक्यपद स्पर्धा झाली. ही स्पर्धा तेव्हा थेट सामन्यांच्या पद्धतीने होत असे आणि प्रत्येक सामना ३६ होलांचा होता. मालिका तुटण्याची सर्वाधिक भीती येथेच होती, कारण चार फेऱ्यांच्या स्पर्धेत एखादी वाईट फेरी भरून काढता येते, थेट सामन्यात एक वाईट दिवस पुरेसा असतो. पहिल्या फेरीत नेल्सनने जीन साराझेनला हरवले. दुसऱ्या फेरीत माइक टर्नेसा चार होल शिल्लक असताना दोन होलांनी पुढे होता. नेल्सनने त्या क्षणापासून लागोपाठ बर्डी, बर्डी आणि ईगल साधले आणि सामना एका होलने जिंकला. टर्नेसाने त्या दिवशी पारपेक्षा सात फटके कमी घेतले होते. तरी तो हरला. पुढे डेनी शूट आणि क्लॉड हार्मन यांना हरवून अंतिम सामन्यात नेल्सनने सॅम बर्डला ४ व ३ असे नमवले. बर्ड हा पूर्वी न्यूयॉर्क यांकीज संघाकडून बेसबॉल खेळलेला खेळाडू होता, ही एक गमतीची बाब. पात्रता फेऱ्या धरून या स्पर्धेत नेल्सन २०४ होल खेळला आणि पारपेक्षा ३७ फटके कमी घेतले.

शिकागोजवळच्या टॅम ओशँटर क्लबवरील स्पर्धेत पहिले बक्षीस १३,६०० डॉलरच्या रोख्यांचे, म्हणजे त्या काळच्या मानाने डोळे दिपवणारे होते. ती नेल्सनने ११ फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या स्थानी होगन आणि साराझेन होते. ४ ऑगस्टला टोरांटोजवळच्या थॉर्नहिल येथे कॅनेडियन ओपन चार फटक्यांनी जिंकून त्याने अकरावा विजय नोंदवला. न्यू जर्सीतील स्प्रिंग लेक येथील एक लहान स्पर्धाही त्याने याच काळात जिंकली होती, पण तिचे पारितोषिक अधिकृत मर्यादेहून कमी असल्यामुळे ती गणली जात नाही.

मेम्फिस आणि उत्तरार्ध

कॅनेडियन ओपननंतर दोनच दिवसांनी हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि १५ ऑगस्टला जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. त्याच आठवड्यात मेम्फिस येथे स्पर्धा भरली आणि १९ ऑगस्टला ती संपली तेव्हा नेल्सन बरोबरीत चौथ्या स्थानी होता. विजेता होता फ्रेड हास आणि तो त्या वेळी व्यावसायिकही नव्हता, हौशी खेळाडू होता. स्नीड, होगन आणि मॅक्स्पाडेन यांना जे साधले नाही ते बक्षिसाची रक्कमही घेऊ न शकणाऱ्या एका खेळाडूने करून दाखवले. योगायोग असा की नोव्हेंबरमध्ये नॉर्थ अँड साउथ ओपनही केरी मिडलकॉफ या हौशी खेळाडूनेच जिंकली.

पुढच्याच आठवड्यात नॉक्सव्हिलला नेल्सन पुन्हा जिंकला. ऑगस्टमध्ये सैन्यातून मुक्त झालेला होगन आता पूर्ण वेळ खेळू लागला आणि हंगामाला वेगळा रंग चढला. पोर्टलंड येथे होगनने ७२ होलांसाठी अवघे २६१ फटके, म्हणजे पारपेक्षा २७ कमी, घेतले आणि दुसऱ्या स्थानावरील नेल्सनला १४ फटक्यांनी मागे टाकले. नेल्सनचे उत्तर दोन आठवड्यांनी आले. सिॲटल येथे त्याने ६२, ६८, ६३ आणि ६६ अशा फेऱ्या खेळून २५९ फटक्यांत स्पर्धा १३ फटक्यांनी जिंकली. हा नीचांक पुढे १९५५ मध्ये माइक सूचॅकने २५७ फटक्यांनी मोडला.

स्पोकेन येथील विजय त्याआधी, सप्टेंबरमध्ये मिळाला होता. अठरावा आणि शेवटचा विजय डिसेंबरमध्ये फोर्ट वर्थला, ग्लेन गार्डनच्या त्याच मैदानावर मिळाला, जेथे नेल्सन लहानपणी इतरांच्या पिशव्या वाहत असे.

वर्षभरात स्नीडने सहा आणि होगनने पाच स्पर्धा जिंकल्या. नेल्सन सात वेळा उपविजेता ठरला. मॅक्स्पाडेनची कथा मात्र करुण आहे. तोही प्रकृतीच्या कारणास्तव सैन्याबाहेर राहिलेला, नेल्सनचा मित्र आणि उत्तम खेळाडू. तो १३ वेळा दुसरा आला आणि विजय म्हणून त्याच्या वाट्याला राहिला तो मायामीचा, नेल्सनसोबतचा. दुसऱ्या एखाद्या वर्षी अशा खेळाने तो देशाचा अव्वल गोल्फपटू ठरला असता.

विक्रमाचे मूल्यमापन

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे : होगन वर्षाचा मोठा भाग सैन्यात होता, जिमी डेमरे नौदलात होता, लॉइड मॅन्ग्रम युरोपच्या रणभूमीवर जखमी झाला होता आणि मनगट मोडल्यामुळे स्नीड ऐन उन्हाळ्यात खेळू शकला नाही. मैदाने खराब असल्यामुळे काही स्पर्धांत चेंडू उचलून बऱ्या जागी ठेवण्याची मुभा होती. सलग विजयांतील पहिला तर जोडीचा विजय आहे. हे सारे आक्षेप तथ्यावर आधारलेले आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून नसलेला एक पुरावा असतो आणि तो म्हणजे फटक्यांची संख्या. १९४५ मध्ये नेल्सनची सरासरी प्रतिफेरी ६८.३३ होती. प्रतिस्पर्धी दुबळे असल्यामुळे मैदानाची लांबी कमी होत नाही. ही सरासरी तब्बल ५५ वर्षे टिकली. २००० मध्ये टायगर वुड्सने ६८.१७ ची नोंद केली तेव्हा ती मागे पडली. नेल्सनने आपली सरासरी जुन्या, पुन्हा आवरण चढवलेल्या चेंडूंनी आणि निगा नसलेल्या हिरवळींवर साधली होती, हेही विसरता येत नाही. त्यामुळे चेंडू उचलण्याच्या मुभेचा फायदा बराचसा फिटतो. शिवाय ज्या स्पर्धांत स्नीड आणि होगन होते त्यांतही तो जिंकला. शार्लट आणि टॅम ओशँटर ही त्याची उदाहरणे वर आली आहेत. एखाद्या सुदृढ वर्षी अठराऐवजी दहा-बारा विजय मिळाले असते असे म्हणणे वाजवी ठरेल. युद्धानेच हे विजय दिले असे म्हणणे वाजवी ठरणार नाही.

मात्र गैरहजेरीच्या या चर्चेत एक गैरहजेरी फार काळ मोजलीच गेली नाही. संघटनेचे सदस्यत्व केवळ गौरवर्णीयांसाठी खुले होते. ही अट घटनेत स्पष्ट शब्दांत होती आणि १९६१ मध्ये काढली गेली. टेड ऱ्होड्ससारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंना बहुतेक स्पर्धांचे दार बंद होते. टॅम ओशँटरचे चालक जॉर्ज मे यांनी ते आपल्या स्पर्धेपुरते उघडले, हा अपवाद. युद्ध संपल्यावर होगन परतला, मॅन्ग्रम परतला. या खेळाडूंसाठी मात्र युद्ध संपल्याने काहीच बदलले नाही. १९४५ च्या आकड्यांपुढे युद्धाचे चिन्ह लावायचे असेल, तर त्या काळातील प्रत्येक वर्षाच्या आकड्यांपुढे, होगनच्या १३ विजयांपुढेही, हे दुसरे चिन्ह लावावे लागेल.

नंतरचा काळ

हंगामातील नेल्सनची कमाई दर्शनी किमतीने सुमारे ६३ हजार डॉलरच्या रोख्यांची होती. असोसिएटेड प्रेसने त्याला १९४४ पाठोपाठ १९४५ मध्येही वर्षातील सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणून निवडले. सरासरीसाठी दिला जाणारा व्हार्डन करंडक मात्र युद्धामुळे १९४२ ते १९४६ या काळात दिला जात नव्हता; त्यामुळे इतक्या मोठ्या सरासरीबद्दलचा तो सन्मान त्याला मिळाला नाही.

१९४६ च्या यू.एस. ओपनमध्ये त्याच्या कॅडीचा पाय चुकून चेंडूला लागला आणि एका फटक्याचा दंड झाला. तो एक फटका विजयाआड आला. प्लेऑफमध्ये मॅन्ग्रम जिंकला. त्याच वर्षी वयाच्या ३४ व्या वर्षी नेल्सनने नियमित स्पर्धांतून निवृत्ती घेतली. टेक्सासमधील रोनोक येथे त्याने हवी होती ती जमीन विकत घेतली आणि २६ सप्टेंबर २००६ रोजी मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. निवृत्तीनंतर तो क्वचितच खेळला, तरी १९५५ ची फ्रेंच ओपन त्याने जिंकली. डॅलस येथील स्पर्धेला १९६८ पासून त्याचे नाव देण्यात आले. चेंडू आणि दांड्या यांची चाचणी घेण्यासाठी पुढे जे यंत्र तयार झाले, त्याचा फटका नेल्सनच्या फटक्यावर बेतलेला होता. त्या यंत्राला ‘आयर्न बायरन’ म्हणत. ग्लेन गार्डन क्लब २०१४ मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर आता व्हिस्कीची भट्टी आहे.